सातवं अधिवेशन, चौथा दिवस

"आहात तशा या. वही घेऊन या. आणि कुणाला काही बोलू नका."

सचिवांच्या शिपायानं निरोप सांगितला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. सभागृहाची लघुलेखिका कालच्या भाषणांचे कागद जुळवत बसली होती. अठरा वर्षांच्या नोकरीत तिला असं बोलावणं कधी आलं नव्हतं. ती उठली. पेन्सिल केसांत खोचली आणि निघाली.

सचिवांच्या दालनात दोन माणसं होती. टेबलामागे स्वतः सचिवसाहेब. पाच वर्षांपूर्वी ते कामगार खात्यातून इथं आले होते. टेबलावरच्या घड्याळावर अजूनही 'उत्तर विभागाकडून सस्नेह निरोप' ही अक्षरं चकाकत होती. भिंतीला टेकून बाईंच्या पक्षाचे सरचिटणीस उभे होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"बाईंनी राजीनामा दिलाय," सचिव म्हणाले.

लघुलेखिकेला वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. तिच्या धंद्यात ती चूक सहसा होत नाही.

बाई म्हणजे एका आमदाराचा पक्ष. स्वतः बाई तेवढ्या निवडून आलेल्या. रुग्णालयांचे कपडे धुणाऱ्या वाफेच्या धोबीखान्यात त्यांनी अकरा वर्षं काढलेली. तिथल्या बायकांना एकत्र करता करता त्या पुढारी झाल्या. तीनदा पडल्या, चौथ्या वेळी दोनशे बारा मतांनी आल्या आणि तेव्हापासून निवडून येतच राहिल्या. एकदा सत्ताधारी बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं, "यांच्या पक्षाची बैठक आरशासमोर भरते!" बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "आरसा फुटतो, भाऊ. फितूर होत नाही." हे वाक्य लघुलेखिकेनंच उतरवून घेतलं होतं.

आज दुपारी तीनला बाईंच्या विधेयकावर मतदान होतं. लोक त्याला 'हातांचा कायदा' म्हणत. कंत्राटी कामात कुणाचा हात भाजला, तुटला, जीव गेला, तर मूळ मालक जबाबदार. जुन्या अपघातांची चौकशी नव्यानं करायची. खोटी तपासणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाही सोडायचं नाही. सगळं एका मतावर लटकलं होतं, आणि ते मत बाईंचं होतं.

"पत्र कुठून आलं?" तिनं विचारलं.

"नऊ वाजता पक्षाच्या कचेरीत, माझ्या टेबलावर होतं," सरचिटणीस पुटपुटले. "पाकिटावर अध्यक्षांचं नाव. म्हणून घेऊन आलो."

टंकलेलं पत्र, चार ओळींचं. खाली सही. सही बाईंचीच होती, यात शंका नव्हती.

"राजीनामा मनापासून दिलाय की नाही, याची खात्री करावी लागते," सचिव म्हणाले. "एरवी सदस्य समोर असतो. बाई यायला तयार नाहीत, फोनवर बोलतील. मला आत्ताच सुचलं, तुम्ही शब्दन् शब्द उतरवून घेतलात तर उद्या कुणी बोट दाखवायला नको." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "मध्ये बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. दोघांनीही."

त्यांनी नंबर फिरवला. आवाज खोलीभर ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला.

"नमस्कार बाई. सचिव बोलतोय. पत्र मिळालं. सही आपलीच?"

"माझीच."

आवाज बाईंचा होता, पण कोरडा, घसा बसल्यासारखा.

"कुणाचा दबाव?"

लघुलेखिकेनं वहीत शांततेची खूण केली.

"नाही." मग एक श्वास. "पेन्सिल, नीट लिहून घे हं. एक अक्षर गाळू नकोस. सातव्या अधिवेशनाच्या चौथ्या दिवशी मी या सभागृहात पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या दिवशी जे बोलले, तेच आजही माझं म्हणणं आहे. त्यापलीकडं मला काही सांगायचं नाही. मी थकलेय. माझ्या लेकीला जपा, तिला एकटीला…"

फोन तुटला.

"लाइन गेली," सचिव म्हणाले. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. फोन बंद. "हरकत नाही, पुरेसं आहे. तुम्ही हे अर्ध्या तासात टंकून आणा. राजीनाम्यापुरतंच हं. ते पेन्सिल-बिन्सिल घरगुती बोलणं गाळून टाका."

बाहेर येऊन लघुलेखिका खांबाशी थांबली.

बाई चुकल्या होत्या. आणि बाई चुकणं शक्य नव्हतं.

बाईंचं पहिलं भाषण तिनंच घेतलं होतं. पहिलं अधिवेशन, दुसरा दिवस. विषय, मुलींच्या शाळांतले संडास. सगळं सभागृह हसलं होतं आणि तिनं प्रामाणिकपणे कंसात 'हशा' लिहिलं होतं. संध्याकाळी बाई तिला शोधत आल्या. नोकरी गेली, असंच तिला वाटलं. बाई म्हणाल्या होत्या, "हशा लिहिलास ते बरं केलंस, पेन्सिल. कोण कशावर हसलं ते पोरींना कळू दे." त्या दिवसापासून ती पेन्सिल झाली. तो दिवस त्या दोघींपैकी कुणीच विसरणार नव्हतं.

मग सातवं अधिवेशन, चौथा दिवस हे काय होतं?

"ऐका ना…" मागून आवाज आला. ती दचकली. सरचिटणीस होते. "तुम्हाला काय वाटतं? त्या खरंच थकल्या असतील?"

"तुम्हाला जास्त ठाऊक. शेवटचं कधी भेटलात?"

"काल संध्याकाळी. तेही लांबूनच."

"भांडण झालं होतं म्हणे तुमचं."

त्यांचा चेहरा उतरला. "आठवड्यापूर्वी. मी म्हटलं, विधेयक थोडं मवाळ करू. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या."

"आज सकाळी नाही भेटलात?"

"नाही," ते म्हणाले, पण त्यांची नजर जमिनीवर होती.

तिनं जिन्याखाली जाऊन बाईंच्या लेकीला फोन लावला. लेक शाळेत शिक्षिका होती. रडून रडून तिचा आवाज चिरकला होता.

"मावशी, आई साडेसहाला गेली. कुणाचा तरी फोन आला, जुनी मैत्रीण अत्यवस्थ आहे, गाडी पाठवतो म्हणून. तेव्हापासून पत्ता नाही."

"घरी कुणी आलं होतं?"

"सरचिटणीसकाका. सातला दारात उभे होते. आई नाही म्हटल्यावर एक शब्द न बोलता निघून गेले."

म्हणजे माणूस खोटं बोलला होता.

"शाळेत जाऊ नकोस. रिक्षा कर आणि थेट इथल्या पोलीस चौकीत येऊन बस. एकटी कुठं थांबू नकोस."

मग ती तळघरात उतरली.

सभागृहातल्या प्रत्येक दिवसाचं कामकाज तिथं जाड पुठ्ठ्याच्या खंडांत बांधून ठेवलेलं होतं. खाली चिटपाखरू नव्हतं. एकच दार, एकच दिवा आणि लोखंडी मांडण्यांच्या रांगा. तिनं सातव्या अधिवेशनाचा खंड ओढला. चौथा दिवस. बाईंचं नाव. आठ ओळींचं निवेदन, तेही मध्येच थांबवलेलं.

'अध्यक्ष महोदय, कालव्याकाठच्या धोबीखान्यात वाफेची नळी फुटली आणि सहा बायका भाजून मेल्या. पुढच्या दारात वाफ होती. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. त्या दारापाशी सहाही जणी सापडल्या. उत्तर विभागाच्या निरीक्षकांनी मात्र मागचे दार उघडे होते असे लिहून दिले आहे. मी त्या दाराशी अकरा वर्षं काम केलंय. मी डोळे मिटूनही ते ओळखीन…'

'डोळे मिटूनही.' तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग वरची, उत्तर विभागाच्या निरीक्षकांची ओळ पुन्हा वाचली आणि तिच्या मानेवर काटा उभा राहिला.

त्याच वेळी दाराची करकर ऐकू आली.

तिनं खंड जागेवर सरकवला आणि शेजारचा हाती लागेल तो काढला.

"इथं काय करताय?" सचिवसाहेब दोन मांडण्यांच्या मधोमध उभे होते. बाहेर जायची वाट तेवढीच होती.

"साहेब, ते… बाईंच्या पहिल्या भाषणाची तारीख घालावी म्हटलं. तळटीप म्हणून."

"तळटीप कुणी मागितली?"

"नको तर गाळते."

"वही दाखवा."

तिनं वही दिली. त्यांनी पानं उलटली. सगळ्या आकड्या, रेघा, ठिपके. त्यांनी वही उलटी धरून पाहिली.

"हे तुमच्याशिवाय कुणाला वाचता येतं?"

"नाही साहेब. प्रत्येकाची वळणं वेगळी असतात."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. ते तिच्याकडे बघत राहिले. दिव्याची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. तिची पाठ मांडणीच्या गार लोखंडाला टेकली. ओरडावं तर वरपर्यंत आवाज जाणार नव्हता.

आणि घंटा वाजली.

अकराची घंटा. अध्यक्ष आसनावर बसताना सचिव खाली त्यांच्या जागी हजर असावेच लागतात. ते क्षणभर घुटमळले. मग वही काखेत मारली.

"ही माझ्याकडं राहू दे. दुपारी बघू."

त्यांची पावलं जिन्यावर विरेपर्यंत ती तिथंच उभी होती. नंतर ती धावत सुटली. बाराला तिची सभागृहात पाळी होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं पाळी चुकवली.

फाटकाजवळच्या चौकीत बाईंची लेक बाकावर आखडून बसली होती. चौकीच्या फौजदार निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मोठ्या माणसांची भानगड, आणि हातात काय, तर एका भाषणाचा नंबर?"

"बाई स्वतःचं पहिलं भाषण विसरणार नाहीत."

"आणि विसरल्या असल्या तर?"

"तर मी नोकरीला मुकेन," लघुलेखिका म्हणाली. "पण नसल्या विसरल्या तर?"

फौजदारांनी लेकीकडे पाहिलं. मग टोपी उचलली. "मुली, आई हरवल्याची तक्रार लिही. माझ्या बदलीची आता मला भीती नाही."

कालव्याकाठचा धोबीखाना त्या अपघातापासून बंद होता. पुढच्या दारावर कामगार खात्याचं लाखेचं सील तसंच होतं, वर कोळ्याची जाळी. भिंतीतून झाडं उगवलेली.

"इथं कुणी फिरकलेलंच नाही," फौजदार म्हणाल्या.

"मागं दार आहे. भाषणात आहे."

झुडपं बाजूला करत ते मागं गेले. दोन हवालदार, फौजदार, आणि त्यांच्या पाठीशी लघुलेखिका. मागच्या दारावर पितळी कुलूप होतं. त्यावर खात्याचा शिक्का होता. फौजदारांनी बोट लावलं. बोटाला ताजं तेल लागलं.

दाराशेजारी एक माणूस पेटीवर बसून तंबाखू मळत होता. खाकी दिसताच तो कालव्याकडे पळाला, पण चिखलात घसरून तोंडावर पडला. हवालदारांनी त्याची मानगूट धरली. खिशात दोन वस्तू सापडल्या: कुलपाची किल्ली आणि बाईंचा फोन.

आत अंधार होता. साबणाचा, गंजाचा, कुबट वास. गंजलेल्या हौदाला टेकून बाई बसल्या होत्या. हात दोरीनं बांधलेले. त्यांनी उजेडाकडे तोंड वळवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लेक?"

"चौकीत आहे. सुखरूप आहे."

मग मात्र त्या लहान मुलीसारख्या हुंदके देत रडल्या. लघुलेखिकेनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिनं दोरी सोडायला घेतली, पण गाठ शेवटी फौजदारांनीच सोडली.

दुपारी सव्वादोनला अध्यक्षांच्या दालनात सचिव बोलत होते.

"तर राजीनामा स्वीकारल्याची घोषणा मतदानाआधी करावी लागेल, महोदय."

अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. समोर सरचिटणीस खुर्चीत आखडून बसले होते. दार उघडलं. लघुलेखिका आत आली, मागोमाग फौजदार.

"तुम्ही पाळी चुकवलीत," सचिव म्हणाले.

"हो साहेब." तिचा आवाज कापत होता. तिनं तो आवरायचा प्रयत्न केला नाही. "अध्यक्ष महोदय, घोषणेआधी मला दोन प्रश्न विचारू द्या. सरचिटणीस, तुम्ही आज सातला बाईंच्या दारात होतात. मग मला 'नाही' का म्हणालात?"

सरचिटणिसांनी तोंड ओंजळीत लपवलं. "माफी मागायला गेलो होतो. त्या घरी नव्हत्या. मग नऊला ते पत्र पाहिलं. वाटलं, लोक म्हणतील यानंच बाईंना घालवलं. घाबरलो."

"ते खरं बोलतायत," ती म्हणाली. "घाबरलेला माणूस कसा खोटं बोलतो, ते आज मला चांगलं ठाऊक आहे. आता दुसरा प्रश्न, तोही तुम्हालाच. बाईंनी फोनवर 'नाही' म्हटल्यावर पुढचा शब्द कोणता उच्चारला?"

"पुढचा? 'पेन्सिल'. 'पेन्सिल, नीट लिहून घे हं.'"

"ते सगळं वहीत आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"वही माझ्याकडं होती. कुठं राहिली दिसत नाही," सचिव म्हणाले. "पण त्यात काय? बाई त्यांना लाडानं तसं म्हणतात."

"म्हणतात. पण मी खोलीत आहे, हे बाईंना कुणी सांगितलं?"

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी तोंड उघडलं नव्हतं. साहेबांनी खोकायलासुद्धा मनाई केली होती. सरचिटणीस गप्प होते. फोनवर साहेबांनी माझं नाव घेतलं नाही. राजीनामा उतरवून घ्यायला लघुलेखिका बोलावण्याची रीत नाही. अठरा वर्षांत मी ते पाहिलेलं नाही. साहेब म्हणाले, कल्पना आत्ताच सुचली. मग ती कल्पना माझ्याआधी बाईंच्या कानी कशी गेली? ज्यानं बाईंना डांबलं, त्यानं त्यांना आधीच बजावलं होतं, की तिकडं पेन्सिलवाली लिहून घेणार आहे, शहाणपणा करू नको. आणि मला बोलावणार हे एकाच माणसाला ठाऊक होतं."

सचिव हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "बाईंनी अंदाज केला असेल."

"तसंही असेल, साहेब. मग तेवढंच वाक्य गाळायला तुम्ही मला का सांगितलंत?"

ती पुढं म्हणाली, "मी लिहून घेणार हे कळल्यावर बाईंनी त्याचाच उपयोग केला. पहिल्या भाषणाचा दिवस मुद्दाम चुकीचा सांगितला. दुसऱ्या कुणाला ती चूक कळली नसती. त्या दिवशीचं निवेदन होतं कालव्याकाठच्या धोबीखान्यावर. सहा बायका मेल्या होत्या. निरीक्षकानं लिहिलं, मागचं दार उघडं होतं. निरीक्षक उत्तर विभागाचा. साहेबांच्या टेबलावर जे निरोपाचं घड्याळ आहे, ते कुठल्या विभागानं दिलंय?"

अध्यक्ष हळूच सचिवांकडे वळले.

"हातांचा कायदा आज झाला, तर ती चौकशी पुन्हा उघडेल," लघुलेखिका म्हणाली. "मालक वारला, कंत्राटदार परागंदा झाला. उरली एक सही. म्हणून बाईंचं मत नको होतं. मतदान होईपर्यंत त्यांना दडवायला जागा हवी होती. जिथं कुणी जात नाही आणि जिची किल्ली आपल्याजवळ आहे, अशी."

"कुलूप तोडलेलं नाही, उघडलेलं आहे," फौजदार म्हणाल्या. "खात्याचंच कुलूप. तिथला जुना मुकादम आमच्या ताब्यात आहे. सही केली नाहीस तर लेक शाळेत पोचणार नाही, असं त्यानं बाईंना सांगितलं. हे शिकवलं कुणी, तेही तो पोपटासारखा बोललाय."

सचिव उभे राहिले. आता त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचा साहेब राहिला नव्हता.

"दार उघडंच होतं," ते कुजबुजले. "मला वरून सांगितलं होतं, तसं लिही म्हणून. मी काय करणार होतो?"

"मग आज तेच दार बंद कुणी केलं?"

बाई दारात उभ्या होत्या. मनगटांवर दोरीचे वळ, पदराला कोळ्याची जाळी. लेकीनं त्यांचा दंड घट्ट धरला होता. सचिव खाली बसले.

तीनला मतदान झालं. हातांचा कायदा एका मतानं मंजूर झाला. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांना उभं राहवत नव्हतं. त्यांनी नुसता हात वर केला आणि मोजणी होईपर्यंत तो खाली घेतला नाही.

पुढं कित्येक दिवस लघुलेखिका तळघरात एकटी उतरत नव्हती. पाठीमागं पाऊल वाजलं की तिच्या हातून वही सुटायची. बाई म्हणायच्या, "भीती जात नाही, पेन्सिल. तिला सोबत घेऊनच चालायचं असतं."

चार महिन्यांनी सहा बायकांच्या मृत्यूचा खटला पुन्हा उभा राहिला. पहिली साक्ष लघुलेखिकेची होती. तिनं पिंजऱ्यात उभं राहून खाली पाहिलं. कोपऱ्यात न्यायालयाची एक तरुण लघुलेखिका मान खाली घालून बसली होती. समोर वही, बोटं तयार.

आजवर पेन्सिलनं जगाचं बोलणं लिहिलं होतं. तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"सांगा," न्यायाधीश म्हणाले.

आणि तिनं, त्या मुलीला एकही अक्षर गाळावं लागू नये अशा बेतानं, सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, सांगायला सुरुवात केली.